दुर्मीळ लिथुएनियन आडनावाचे मूळ आणि आजची संख्या शोधण्याची रीत

दुर्मीळ लिथुएनियन आडनाव हाती आले की बहुतेक जण ते जसे दिसले तसेच एखाद्या अंदाजी आकडे देणाऱ्या संकेतस्थळावर टाकतात, जो आकडा समोर येतो तो खरा मानतात, आणि लिथुएनियन शब्दकोशात त्या आडनावासारखा दिसणारा एखादा शब्द गाठून अर्थही ठरवून मोकळे होतात. यातून निघणारा आकडा सहसा निम्म्याहून कमी असतो आणि अर्थ भलत्याच शब्दाला चिकटलेला असतो. माहिती उपलब्ध असूनही हे घडते, कारण क्रम उलटा लागतो. आधी पुरुषी मूळ रूप, मग परभाषांतली रूपे, मग गाव, त्यानंतर व्युत्पत्ती आणि सर्वांत शेवटी संख्या, हा क्रम सोडला तर प्रत्येक टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यात मोठी होत जाते.

उदाहरणासाठी चित्रकार आणि संगीतकार मिकालोयुस कोन्स्तान्तिनास चुर्ल्योनिस (१८७५–१९११) यांचे आडनाव घेतले आहे. ते प्रसिद्ध आहे, तरी सर्वसामान्य नाही, आणि या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका घराण्यात सापडतात.

तयारी

ज्या कागदावर आडनाव दिसले त्याचे स्वच्छ छायाचित्र, त्या कागदाची भाषा, साल आणि ठिकाण एवढे आधी नोंदवून ठेवावे. त्याबरोबर त्या व्यक्तीचा धर्म किंवा पंथही नोंदवावा. धर्म विचारणे आपल्याला अवघड वाटते, पण इथे त्याला पर्याय नाही. जुन्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी धर्मसंस्थांकडेच असत. दोन महायुद्धांमधल्या स्वतंत्र लिथुएनियातही पश्चिम किनाऱ्यावरचा क्लाइपेदा प्रदेश सोडला तर नागरी नोंदणीची कचेरी नव्हती, ती १९४० साली आली. कुटुंब कॅथलिक, लूथरन, ऑर्थोडॉक्स की ज्यू यावर कोणती नोंदवही उघडायची हे अवलंबून असते.

दुसरी तयारी लिपीची. लिथुएनियन वर्णमालेत ३२ अक्षरे आहेत आणि त्यातली नऊ खुणांची आहेत: सी, एस आणि झेड यांच्यावर येणारा लहान काटा, ई या अक्षरावरचे टिंब, यू या अक्षरावरची आडवी रेघ, आणि ए, ई, आय, यू या चार अक्षरांखाली येणारी शेपटी. ही सजावट नव्हे. काटा असलेला एस आणि साधा एस ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि त्यांनी सुरू होणारी आडनावेही वेगळी. मोबाइलवर आणि संगणकावर लिथुएनियन कळफलक जोडून घ्यावा, त्याला दोन मिनिटे लागतात. शोध मात्र दोन्ही प्रकारे घ्यावा, एकदा खुणांसह आणि एकदा खुणांशिवाय, कारण परदेशातल्या नोंदींत खुणा गळलेल्या असतात.

इशारा: मराठी बातमीत किंवा पुस्तकात देवनागरीत छापलेल्या नावावरून रोमन स्पेलिंग तयार करू नये. साधा झेड आणि काट्याचा झेड या दोन्हींसाठी आपण 'झ' लिहितो, टिंबाचा ई आणि साधा ई या दोन्हींसाठी 'ए', आणि एकदा ही भेळ झाली की ती पुन्हा निवडता येत नाही. याही लेखातली नावे फक्त वाचण्यासाठी आहेत. शोध घेताना मूळ रोमन रूपच वापरावे.

छापील कोश चाळणार असाल तर अकारविल्हेही समजून घ्या. काट्याचा सी हा साध्या सीनंतर स्वतंत्र विभाग म्हणून येतो, एस आणि झेडचेही तसेच. वाय हे अक्षर मात्र इंग्रजीप्रमाणे शेवटी न येता आयच्या शेजारी लावलेले असते. 'नोंद सापडली नाही' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण चुकीच्या पानावर शोधत असतात.

टप्पा १ : आडनाव लिथुएनियन की नुसते लिथुएनियातले?

दक्षिण आफ्रिकेतले गांधीजींचे निकटचे सहकारी हर्मान कालेनबाख यांचा जन्म १८७१ साली आजच्या लिथुएनियातल्या झेमाइच्यू नाउमिएस्तिस या गावचा, आणि लहानपण नदीकाठच्या रुसनेतले. रुसनेत २०१५ साली त्या दोघांचे शिल्पही उभे राहिले. तरीही कालेनबाख हे आडनाव जर्मन भाषेतले आहे आणि घराणे ज्यू होते. लिथुएनियन आडनावांच्या कोशात ते शोधणे म्हणजे वेळ वाया घालवणे. लिथुएनियाच्या भूमीवर पोलिश, बेलारूसी, रशियन, जर्मन, ज्यू, तातार आणि त्राकाइचे काराइम अशा अनेक समाजांची आडनावे शतकानुशतके नांदली आहेत. ज्यू आडनावांची वाट तर सुरुवातीपासूनच वेगळी आहे, कारण रशियन साम्राज्यात ज्यूंना कायम आडनाव घेण्याची सक्ती १८०४ च्या कायद्याने झाली आणि त्यांच्या नोंदीही स्वतंत्र राहिल्या.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. काझ्लाउस्कास हे लिथुएनियातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे आणि ते पोलिश कोझ्लोव्स्कीचे लिथुएनियन रूप आहे. यांकाउस्कास, पेत्राउस्कास, स्तांकेविचुस यांचीही तीच कथा. एवढ्यावरून ते घराणे पोलंडहून आले असे म्हणता येत नाही. पोलिशमध्ये लिहिणाऱ्या पाद्र्याने किंवा जहागिरीच्या कारकुनाने लिथुएनियन शेतकऱ्याच्या नावाला ओव्स्की किंवा एविच जोडले आणि पुढे त्यालाच आउस्कास किंवा एविचुस असे लिथुएनियन वळण मिळाले, असे पुष्कळ वेळा घडले आहे. शेपूट स्लाव्ह असले तरी कूळ लिथुएनियन असू शकते. कोणत्या घरात काय घडले हे टप्पा ४ मधल्या नोंदींतून कळते. या पायरीवर निवाडा न करता दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात.

टप्पा २ : पुरुषी मूळ रूप उभे करणे

संपूर्ण कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलले तरी आडनावाचे रूप बदलत नाही; जोशींच्या घरात बाप, आई आणि लेक तिघेही जोशीच. लिथुएनियन घरात या तिघांची आडनावे वेगवेगळ्या शेवटाची असतात. पुरुषाचे आडनाव आस, इस, ईस, उस, युस यांपैकी एखाद्या शेवटाचे असते, क्वचित आ किंवा टिंबाच्या ए या शेवटाचेही असते. पत्नीचे आडनाव परंपरेने इएने या प्रत्ययाचे असते. अविवाहित मुलीचा प्रत्यय वडिलांच्या आडनावाच्या शेवटावर ठरतो:

१. आस किंवा आ असेल तर मुलगी आइते. काझ्लाउस्कासची मुलगी काझ्लाउस्काइते.
२. इस किंवा ईस असेल तर मुलगी ईते.
३. उस असेल तर उते. बुत्कुसची मुलगी बुत्कुते.
४. युस असेल तर यूते. बासानाविचुसची मुलगी बासानाविच्यूते.

चुर्ल्योनिस घराण्यात हे सगळे एकत्र दिसते. त्यांच्या पत्नी, लेखिका सोफिया, लग्नापूर्वी कीमान्ताइते होत्या, म्हणजे त्या कीमान्तासची मुलगी. लग्नानंतर त्या सोफिया कीमान्ताइते-चुर्ल्योनिएने झाल्या. त्यांची मुलगी दानुते ही चुर्ल्योनीते, आणि झुबोवास घराण्यात लग्न झाल्यावर ती चुर्ल्योनीते-झुबोविएने. एका लहानशा कुटुंबात एकाच आडनावाची तीन रूपे झाली आणि दोन जोडआडनावे. ज्याने फक्त 'चुर्ल्योनिस' शोधले त्याला या घरातल्या दोन्ही स्त्रिया सापडणारच नाहीत.

आता उलटी वाट, म्हणजे स्त्रीच्या आडनावावरून पुरुषी रूपाकडे जाणे. आइते, ईते, उते हे शेवट बऱ्यापैकी भरवशाचे आहेत. माजी राष्ट्राध्यक्ष दालिया ग्रीबाउस्काइते यांच्या आडनावावरून ग्रीबाउस्कास हे रूप सहज निघते. इएने मात्र फसवे आहे, कारण तो प्रत्यय लागताना पुरुषी शेवट पुसला जातो. नाउसेदिएने या रूपामागे नाउसेदा आहे आणि आदाम्किएने या रूपामागे आदाम्कुस, हे आपल्याला कळते ते त्या दोघींचे पती लिथुएनियाचे राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे. अनोळखी दुर्मीळ आडनावाच्या बाबतीत एका इएनेमागे आस, इस, उस आणि आ असे चार उमेदवार उभे असू शकतात. चारही लिहून घ्यावेत आणि त्या घरातला एखादा पुरुष किंवा अविवाहित मुलगी नोंदींत सापडेपर्यंत एकावरही शिक्का मारू नये.

यात २००३ पासून आणखी एका रूपाची भर पडली आहे. स्त्रियांना आता वैवाहिक स्थिती न दाखवणारे, नुसत्या टिंबाच्या ए या शेवटाचे आखूड आडनाव घेता येते. अशा रूपांची संख्या कमी असली तरी दुर्मीळ आडनावाच्या मोजणीत एक-दोन माणसांनीही फरक पडतो.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी कागदावर निदान चार रूपे असली पाहिजेत: पुरुषाचे, पत्नीचे, मुलीचे आणि आखूड. पुरुषी शेवटाबद्दल शंका असेल तर प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र चौकट करावी.

टप्पा ३ : परभाषांतल्या रूपांची यादी

चुर्ल्योनिस वॉर्सात शिकत असताना त्यांचे नाव पोलिश वळणाने 'चुर्लानिस' असे लिहिले जाई आणि त्यांच्या घरात बोलणेही पोलिशमध्ये चाले. एवढ्या नामांकित माणसाचे आडनाव जर दोन स्वरांनी बदलते, तर खेड्यातल्या शेतकऱ्याच्या आडनावाचे काय होत असेल याचा अंदाज करावा.

कोणत्या भाषेत नोंद मिळेल हे काळ आणि प्रदेश यांवर ठरते. जुन्या कॅथलिक नोंदवह्या लॅटिनमध्ये आहेत, त्यानंतर पोलिश येते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रशियन. नेमुनास नदीच्या पश्चिमेकडचा सुवाल्की भाग वेगळ्या अमलाखाली होता. तिथे १८०८ पासून नेपोलियनच्या कायद्याच्या धर्तीवर परिच्छेदवजा लांब नोंदी पोलिशमध्ये होत आणि १८६८ पासून त्या रशियनमध्ये होऊ लागल्या. क्लाइपेदा आणि त्याच्या दक्षिणेचा प्रशियातला पट्टा जर्मन कारकुनांच्या हाती होता. लिथुएनियन भाषेतली नियमित नोंद पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू होते.

प्रत्येक भाषेचे बदल ठरावीक असतात, म्हणून यादी अंदाजाने न करता नियमाने करावी. पोलिशमध्ये काट्याच्या सीसाठी सी-झेड आणि काट्याच्या एससाठी एस-झेड ही जोडी येते, व्हीच्या जागी डब्ल्यू येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजचे लेखन रूढ होईपर्यंत खुद्द लिथुएनियन छपाईतही हीच पद्धत चाले. पोलिश नोंदींत स्त्रीरूपांचे प्रत्ययही पोलिश असतात: पत्नीला ओवा, मुलीला उव्ना. रशियन लिपीत स्वरांच्या खुणा पूर्णपणे हरवतात आणि शेवटचा आस किंवा इस पुष्कळदा गळतो. जर्मनमध्ये आइतिसचे आइट होते. बर्लिनचे माजी महापौर क्लाउस वोवेराइट यांचे आडनाव असेच तयार झालेले. मुळाशी 'वोवेरे' म्हणजे खार.

याखेरीज बोलीभेद. पश्चिमेकडच्या झेमाइतिया प्रदेशात 'उओ' या जोडस्वराचे उच्चार इतके ठळकपणे वेगळे आहेत की भाकरीच्या 'दुओना' या शब्दाला कोठे दोउना, कोठे दूना, तर कोठे दोना म्हणतात, आणि बोलीचे पोटभाग त्यावरूनच ओळखले जातात. पूर्वेकडच्या काही बोलींत 'आन'चे 'उन' होते. पाद्री परगावचा असेल तर त्याने कानावर पडले तसे लिहिले. वरवर नवे आणि दुर्मीळ भासणारे आडनाव एखाद्या सामान्य आडनावाचा केवळ असा बोलीतला फाटा निघण्याची शक्यता कायम धरावी.

इशारा: यादी दहा-बारा रूपांपलीकडे वाढवू नये. त्यापुढे प्रत्येक आडनाव प्रत्येक आडनावासारखे दिसू लागते.

टप्पा ४ : आडनावाला गावाशी बांधणे

दुर्मीळ आडनाव बहुधा एक-दोन शेजारच्या पॅरिशमध्येच, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांतच, एकवटलेले असते, आणि तेच आपल्या उपयोगाचे आहे. ते घरटे सापडेपर्यंत व्युत्पत्तीला हात लावू नये.

मराठी वाचकाची इथे हमखास फसगत होते. आपल्या सवयीप्रमाणे गावावरून आडनाव पडते: संगमनेरचा संगमनेरकर, पेडण्याचा पेडणेकर. त्यामुळे आडनावासारख्या नावाचे गाव नकाशावर दिसले की आडनाव तिथून आले असे आपण धरून चालतो. लिथुएनियात पुष्कळदा नेमके उलटे असते. अनेक खेड्यांची नावे तिथे राहणाऱ्या घराण्याच्या नावाचे अनेकवचन असतात किंवा त्याला इश्के, इश्क्याइ असे प्रत्यय लागून झालेली असतात. बुत्किश्के या गावनावात बुत्कुस आधी आणि गाव नंतर. म्हणून नकाशावरचे जुळणारे नाव हा माग आहे, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे त्या गावच्या जुन्या नोंदीत त्या आडनावाची माणसे सापडणे.

कामाचा क्रम असा ठेवावा:

१. हातातल्या सर्वांत अलीकडच्या नोंदीतून गाव, पॅरिश आणि जिल्हा तिन्ही उतरवून घ्या. एका नावाची डझनभर खेडी असतात, त्यामुळे नुसते गाव पुरत नाही.

२. ते ठिकाण त्या काळी कोणत्या रशियन प्रांतात होते ते ठरवा. चुर्ल्योनिस यांचा जन्म सेनोयी वारेना येथे विल्ना प्रांतात झाला. बालपण गेले द्रुस्किनिंकाइत, आणि ते तेव्हा ग्रोद्नो प्रांतात मोडत असे. आज दोन्ही ठिकाणे एकाच देशाच्या एकाच कोपऱ्यात आहेत, पण एकाच कुटुंबाचे कागद दोन वेगळ्या प्रांतांच्या दप्तरांत विभागले जातात.

३. त्या पॅरिशच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या पाहा. मूळ वह्या मुख्यतः विल्नियसच्या लिथुएनियन राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ए-पावेल्दास' या संकेतस्थळावर चित्ररूपात घरबसल्या पाहता येतात. विवाहनोंदीने सुरुवात करावी. तिच्यात दोन्ही पक्षांचे आई-वडील, आईचे माहेरचे आडनाव आणि गावे एकत्र मिळतात.

४. नोंदवह्यांच्या मागे जायचे असेल तर रशियन करगणतीच्या याद्या पाहाव्यात. त्या १७९५, १८११, १८१६, १८३४, १८५० आणि १८५८ या सालांच्या आहेत. लागोपाठच्या दोन याद्यांत तेच आडनाव त्याच गावी दिसले तर घरटे पक्के.

तारखांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. रशियन साम्राज्यातल्या तारखा जुन्या पंचांगाच्या असतात आणि एकोणिसाव्या शतकात त्या आजच्या तारखांच्या बारा दिवस मागे पडतात. चुर्ल्योनिस यांचा जन्म जुन्या गणनेने १० सप्टेंबर आणि नव्या गणनेने २२ सप्टेंबर. एकाच माणसाच्या दोन कागदांत बारा दिवसांचा फरक दिसला तर ती दोन माणसे समजू नयेत.

इशारा: सोळाव्या शतकातल्या याद्या, उदाहरणार्थ १५२८ ची लष्करी गणती, पाहताना विशेष जपावे. तिथे विच या शेवटाचे जे दिसते ते बहुतेक वेळा बापाचे नाव असते. यानचा मुलगा यानोविच आणि त्याचा मुलगा वेगळ्याच नावाचा विच. त्याला आडनाव समजून घराण्याची पाचशे वर्षांची वंशावळ जोडणारे लोक कमी नाहीत.

टप्पा ५ : कोश उघडणे आणि मूळ ठरवणे

लिथुएनियन आडनावांचा प्रमाण कोश 'लिएतुव्यू पावार्ज्यू झोदीनास' हा आहे. त्याचा पहिला खंड १९८५ साली आला आणि तो के अक्षरापर्यंत जातो; दुसरा १९८९ सालचा, तो काट्याच्या झेडपर्यंत. तीच सामग्री लिथुएनियन भाषा संस्थेच्या आडनाव-संग्रहातून महाजालावर विनामूल्य पाहता येते. नोंदीत आघातखुणेसह आडनाव, ते जिथे आढळले त्या ठिकाणांचे संक्षेप आणि मग मुळाबद्दलचे मत असते.

नोंद वाचताना दोन ठिकाणी अडखळायला होते. ठिकाणांचे संक्षेप ही आजची लोकसंख्या नव्हे. ते चित्र जुने आहे आणि १९२० ते १९३९ या काळात विल्नियसचा भाग पोलंडकडे होता हेही लक्षात ठेवावे लागते. त्या भागातल्या आडनावासाठी पोलिश सामग्री स्वतंत्रपणे पाहावी. दुसरे म्हणजे पी-एल-जी हा तीन अक्षरी संक्षेप. त्याचा अर्थ 'तुलना करा' एवढाच आहे. कोशकाराने आडनावाशेजारी एखादा शब्द तुलनेसाठी ठेवला की वाचक तो शब्द हेच मूळ असे लिहून टाकतात, आणि कोशकाराचा सावधपणा वाया जातो.

चुर्ल्योनिस या आडनावापाशी निदान दोन शब्द उभे राहतात. 'चुर्लीस' म्हणजे पाकोळी पक्षी, आणि 'चुर्लेन्ति' हे पाण्याच्या झुळझुळीचे क्रियापद. दोन्ही ध्वनीने इतके जवळ आहेत की नुसत्या कानाने निवड करता येत नाही. ओनिस हा प्रत्यय मात्र काही सांगतो. तो दक्षिण आणि पूर्वेकडच्या भागात जास्त आढळतो, आणि सेनोयी वारेना हे गाव दक्षिणेच्या झुकियातच आहे. अशा वेळी 'प्रत्यय प्रदेशाशी जुळतो. धातूसाठी दोन शक्यता' असे लिहून थांबावे.

प्रत्ययांचे हे भूगोलज्ञान फार उपयोगी पडते. आइतिस हा शेवट नैर्ऋत्येकडे, म्हणजे सुवाल्किया आणि प्रशियालगतच्या पट्ट्यात जास्त दिसतो. एनास आणि ऊनास हे ईशान्येकडे. आडनावाचा प्रत्यय आणि टप्पा ४ मध्ये मिळालेले गाव एकमेकांशी विसंगत असतील तर कुटुंब स्थलांतरित असावे किंवा आपण पुरुषी रूप चुकवले असावे. टप्पा २ वर परत जावे.

मुळाच्या बाबतीत साधारण वर्गवारी अशी होते. काही आडनावे जुन्या द्विपदी, म्हणजे दोन शब्द जोडून केलेल्या, नावांची आहेत, उदाहरणार्थ नार्बुतास, तार्वीदास, दाउगिर्दास. काही ख्रिस्ती नावांवरून आली, जसे योनाइतिस किंवा आदोमाइतिस. काही व्यवसायांची आहेत: कुबिलुस म्हणजे पिंपे करणारा, पुओजुस म्हणजे कुंभार, राचुस म्हणजे चाके करणारा. काही पशुपक्ष्यांवरून पडलेली टोपणनावे, जसे विल्कास म्हणजे लांडगा, वानागास म्हणजे ससाणा, गेनीस म्हणजे सुतार पक्षी. काही बाहेरून आलेल्याची ओळख सांगतात, जसे नाउयोकास म्हणजे नवखा, प्रूसास म्हणजे प्रशियाचा. व्यवसायाची आणि प्राण्यांची आडनावे अनेक गावी परस्परांशी संबंध नसताना तयार झाली आहेत, म्हणून आडनाव एक म्हणजे कूळ एक असे धरू नये.

इशारा: लिथुएनियन आणि संस्कृत या भाषांत 'सूनुस' आणि 'सूनु', 'उग्निस' आणि 'अग्नि' अशी खरोखरीची सगोत्र जोडपी आहेत, आणि ती पाहून मराठी वाचकाचा हात शिवशिवतो. आडनावे मात्र गेल्या चार-पाच शतकांत, बोलीतल्या आणि शेजारभाषांतल्या शब्दांवरून घडली. एखादे आडनाव संस्कृत धातूशी जुळले तर तो लिथुएनियन शब्दाचा दूरचा इतिहास आहे, आडनावाचे मूळ नव्हे.

टप्पा ६ : आजची संख्या

अंदाजी आकडे देणारी जागतिक संकेतस्थळे मिळेल त्या नमुन्यावरून देशाच्या लोकसंख्येचा गुणाकार करतात. काझ्लाउस्काससारख्या आडनावाला ते चालून जाते. शंभराच्या आतल्या आडनावाला तो आकडा निरर्थक असतो, शिवाय पुरुषी आणि स्त्री रूपे तिथे वेगवेगळी आडनावे म्हणून मोजलेली असतात. समाजमाध्यमांवर किती खाती दिसतात यावरून मोजणे तर त्याहून वाईट.

भरवशाचा आकडा लोकसंख्या नोंदवहीचा, आणि ती 'रेगिस्त्रू सेंत्रास' या सरकारी संस्थेकडे असते. व्यक्तींची माहिती तिथून मिळणार नाही आणि मागूही नये. मागायची ती फक्त एकत्रित संख्या, लेखी, आणि टप्पा २ मधली सर्व रूपे नेमक्या खुणांसह लिहून. जोडआडनावे मोजली आहेत की वगळली आहेत, मृत आणि परदेशस्थ नागरिक धरले आहेत का, हे प्रश्न त्याच पत्रात घालावेत, नाहीतर आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

समजा, पुरुषी रूपाचे १४, इएने रूपाचे ११, ईते रूपाचे ६ आणि आखूड रूपाचा १ असे उत्तर आले. मग आडनावाची संख्या ३२. केवळ पुरुषी रूप टाकणारा इथे १४ लिहून निघून गेला असता. ताळा करण्याची सोपी खूण म्हणजे स्त्री आणि पुरुष यांच्या बेरजा साधारण तोलामोलाच्या असाव्यात. लिथुएनियात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक आहे, त्यामुळे स्त्रियांची बेरीज फारच कमी भरली तर एखादे रूप निसटले असे समजावे.

दोन काळांचे आकडे ताडताना देशाची एकूण लोकसंख्या शेजारी ठेवावी. २००१ च्या जनगणनेत ती सुमारे ३४.८ लाख होती, २०२१ मध्ये सुमारे २८.१ लाख, म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास घट. एखादे आडनाव त्याच काळात ४० वरून ३२ वर आले असेल तर ते 'नामशेष होत आहे' असे लिहिण्याचे कारण नाही. ते देशाबरोबर घटले आहे.

टप्पा ७ : देशाबाहेरच्या शाखा

पोलंडच्या पेसेल या सरकारी लोकसंख्या नोंदवहीतल्या आडनावांच्या याद्या सरकार संख्येसह खुल्या ठेवते, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. पून्स्क आणि सेय्नी भागात लिथुएनियन वस्ती असल्याने सीमेलगतच्या आडनावांसाठी हे पाहणे आवश्यकच. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेवरून केलेल्या यादीत १,६२,२५३ आडनावे आहेत, पण किमान शंभर वेळा आलेलीच. दुर्मीळ आडनाव तिथे नसणे म्हणजे अमेरिकेत कोणीच नाही असे नव्हे.

अमेरिकेत आणि इतरत्र मुली-सुनाही पुरुषी रूपच लावतात, काट्याच्या आणि टिंबाच्या खुणा जातात, आस-इस कापले जातात. इथे स्त्रीरूपांची बेरीज करायची नसते. टप्पा ३ मधली यादी वापरायची असते. जून १९४१ च्या आणि पुन्हा १९४८-४९ च्या हद्दपाऱ्यांत हजारो कुटुंबे सायबेरियात गेली, म्हणून रशियन लिपीतले रूपही शोधून पाहावे. लिथुएनियातसुद्धा १ मे २०२२ पासून क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरे ठरावीक परिस्थितीत अधिकृत कागदांवर वापरता येतात; तेव्हा व्हीचे आडनाव काही घरांत डब्ल्यूने लिहिलेले आढळू शकते.

टप्पा ८ : निष्कर्ष लिहून ठेवणे

नोंद लिहिताना पुरुषी रूप, बाकीची रूपे, सर्वांत जुनी खात्रीची नोंद तिच्या सालासह आणि पॅरिशसह, मुळाबद्दलच्या शक्यता, आणि संख्या कोणत्या तारखेची व कोणती रूपे धरून काढली हे सर्व लिहावे. तीस-चाळीस माणसांच्या आडनावात गाव आणि वय एकत्र छापले की व्यक्ती ओळखू येते. म्हणून हयात माणसांचे ठिकाण जिल्ह्यापर्यंतच द्यावे. त्या आडनावाच्या प्रत्येकाला समाजमाध्यमांवर गाठून प्रश्न विचारू नयेत. एखाद्याशी ओळख असेल तर त्याला आजी-आजोबांचे गाव आणि आजीचे माहेरचे आडनाव एवढे विचारावे. या दोन उत्तरांनी टप्पा ४ मधले पुष्कळ काम वाचते.